मानवी लिंगनिर्धारणाचा विचार : काही शब्द आणि त्यांचा इतिहास

१. प्रास्ताविक

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्यास वाटेत आरे आणि वारे ही दोन गावे लागतात. या गावांची नावे एकत्रच उच्चारण्याचा प्रघात आहे. 'आरे-वारे' हा जोड परक्या कानास 'आजूबाजू' किंवा 'शेजारीपाजारी' यांसारख्या शब्दांच्या जातीचा वाटतो. 'आजूबाजू' या शब्दात 'बाजू' एवढाच घटक अर्थपूर्ण असून 'आजू' हा त्याचा केवळ पडसाद होय. 'शेजारीपाजारी' या शब्दात क्रम उलट आहे. आरे-वारे यांची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे एक घटक मूळ व दुसरा त्याचा पडसाद, असा प्रकार नाही. दोन्ही गावे स्वतंत्र, दोन्ही नावे स्वतंत्र. समास आहे तो निखळ द्वंद्व. ध्वनिसाम्यामुळे एकास दुसऱ्याची छाया समजणे ही ऐकणाऱ्याची चूक असते.

स्त्री आणि पुरुष या जोडीविषयी मानवी विचाराने दीर्घ काळ नेमकी हीच चूक केली. कधी स्त्रीस अपूर्ण पुरुष मानले गेले, तर कधी, अगदी विसाव्या शतकातील शास्त्रातसुद्धा, स्त्रीत्व म्हणजे काहीच न घडल्यास आपोआप उरणारी अवस्था असे मानले गेले. या समजुती कशा बनल्या, कशा मोडल्या आणि त्या मोडल्यानंतरही समाजव्यवहारात कशा टिकून राहिल्या, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एका शब्दाची फोड करणे अवश्य आहे. मराठीत 'लिंगनिश्चिती' हा शब्द किमान तीन वेगवेगळ्या क्रियांसाठी वापरला जातो. गर्भाचे लिंग निसर्गतः ठरणे ही पहिली क्रिया. तिला 'निर्धारण' म्हणणे योग्य. ठरलेल्या दिशेने गर्भाच्या इंद्रियांची घडण होणे ही दुसरी. तिला 'विभेदन' म्हणता येईल. घडलेले लिंग दुसऱ्या कोणीतरी ओळखणे ही तिसरी. ते 'निदान' होय. या तिहींच्या मागोमाग एक चौथी क्रिया येते, ती म्हणजे 'निवड'. पहिल्या दोन क्रिया निसर्गाच्या आहेत, पुढील दोन माणसाच्या. चारही एकाच शब्दात कोंबल्याने जो घोटाळा होतो, तो केवळ परिभाषेचा राहत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. संहिता आणि व्याकरण

प्राचीन भारतीय वैद्यकाने या प्रश्नाचा विचार बीजाच्या भाषेत केला. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत शुक्राचे आधिक्य असता पुत्र, आर्तवाचे आधिक्य असता कन्या आणि दोहोंचे साम्य असता नपुंसक, अशी उपपत्ती मांडलेली आहे. सुश्रुतसंहितेत याच्या जोडीला ऋतुकालातील सम रात्री पुत्राच्या व विषम रात्री कन्येच्या, हेही सांगितले आहे. आजच्या ज्ञानाच्या कसोटीस यांतील काहीही उतरत नाही. तथापि त्या विचारातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे अपत्याच्या लिंगाचे कारण माता व पिता या दोघांच्याही ठायी शोधले गेले. दुसरी म्हणजे गर्भाची एक अवस्था अशी असते की जिच्यात लिंग अद्याप व्यक्त झालेले नसते, हे गृहीत धरले गेले. पुंसवनाचा विधी लिंग व्यक्त होण्यापूर्वीच करावा, असे चरकसंहिता सांगते. विधीचे फळ काहीही असो, त्यामागे अव्यक्त लिंगाची कल्पना होती, हे नाकारता येत नाही.

चरकसंहितेतील एक तपशील भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. दुसऱ्या महिन्यातील गर्भ घन होऊन पिंड, पेशी किंवा अर्बुद यांपैकी एखादे रूप घेतो आणि त्यांवरून अनुक्रमे पुरुष, स्त्री व नपुंसक ओळखावेत, असे तेथे म्हटले आहे. 'पिंड' शब्द पुल्लिंगी, 'पेशी' स्त्रीलिंगी आणि 'अर्बुद' तेथे नपुंसकलिंगी योजलेला आहे. गर्भाच्या आकारास नाव देताना व्याकरणातील लिंग आणि शरीराचे लिंग यांची जुळणी साधली गेली. निरीक्षणाचे काम येथे भाषेने उरकले, असे अनुमान करण्यास प्रत्यवाय नसावा. पुढे यांतील 'पेशी' हा शब्द मराठीत सजीवांच्या सूक्ष्मतम घटकाचा वाचक झाला. ज्या शब्दाने एके काळी कन्यागर्भ दर्शविला, तोच शब्द आज स्त्री-पुरुष दोहोंच्या देहातील प्रत्येक घटकास लागू आहे.

वैयाकरणांना मात्र भाषेतील लिंग व देहातील लिंग यांतील अंतर चांगलेच ठाऊक होते. पाणिनीच्या स्त्रीप्रत्ययप्रकरणाची चर्चा करताना पतंजलीने प्रथम देहचिन्हांवर आधारलेली लौकिक व्याख्या पुढे ठेवली आणि लगेच तिची अडचण दाखविली : खाट किंवा वृक्ष यांच्या ठायी अशी चिन्हे नाहीत, तरी त्या शब्दांना लिंग आहेच. व्याकरणपरंपरेत नेहमी दिले जाणारे उदाहरण 'तट' या शब्दाचे आहे. तटः, तटी आणि तटम् अशा तिन्ही लिंगांत तो चालतो, किनारा मात्र तोच राहतो. पत्नीवाचक दार, भार्या व कलत्र हे शब्द अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी आहेत. अखेर शब्दाचे लिंग लोकव्यवहारावर अवलंबून असते, असा निर्वाळा महाभाष्याने दिला. शब्दापुरते हे मान्य झाले; देहाच्या बाबतीत व्यवहार कोठे संपतो व वस्तुस्थिती कोठे सुरू होते, हा प्रश्न तसाच राहिला.

धर्मशास्त्रात या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात बीजाधिक्याची वैद्यकीय उपपत्ती जशीच्या तशी स्वीकारलेली आहे. म्हणजे कन्या होण्यास उभयतांचे बीज कारण. परंतु त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायात केवळ कन्यांनाच जन्म देणाऱ्या स्त्रीच्या हयातीत अकराव्या वर्षी दुसरी भार्या करण्याची मुभा पतीस दिली आहे. कारण दोघांचे आणि दंड एकीस, ही विसंगती एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदते. ज्ञानाच्या अभावाने अन्याय होतो असे सामान्यतः म्हटले जाते. येथे ज्ञान म्हणून जे मानले होते, तेही अन्यायाच्या आड आले नाही.

३. मराठीतील नपुंसकलिंग

संस्कृतातील तीन लिंगांपैकी नपुंसकलिंग हिंदीने गमावले. मराठी, गुजराती व कोंकणी यांनी ते राखले. मराठीत या लिंगाचे एक स्वतंत्र कार्य दिसून येते. मूल, लेकरू, पोर, वासरू, कोकरू, पिल्लू, पाडस हे सर्व शब्द नपुंसकलिंगी आहेत. यांतील कोणताही शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात ते अपत्य नर-मादीच्या पलीकडचे आहे, असा भाव नसतो. लिंग येथे नाकारलेले नसते, ते फक्त सांगितलेले नसते. 'मूल झाले' एवढ्याने वाक्य पूर्ण होते, 'काय झाले?' हा प्रश्न त्यानंतर येतो. दक्षिण कोकणातील मालवणीत व गोव्याच्या कोंकणीत तर 'चेडू' हा मुलगीवाचक शब्दच नपुंसकलिंगी आहे.

'नपुंसक' या शब्दाची पारंपरिक फोड 'स्त्रीही नव्हे, पुरुषही नव्हे' अशी केली जाते. लोकभाषेत त्याचा अर्थ आणखी संकोचून तो हेटाळणीचा शब्द झाला. तथापि मराठी व्याकरणातील नपुंसकलिंगाचा स्वभाव अभावाचा नसून अनिर्णयाचा आहे. मानवी गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेचे वर्णन करावयाचे झाल्यास हाच स्वभाव उपयोगी पडतो, हे पुढे दिसेल.

४. क्ष आणि य

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. एका मराठी स्त्रीने प्राचीन गर्भविचार पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडला, त्या वेळी गर्भाचे लिंग कशाने ठरते, याचे उत्तर पाश्चात्त्य वैद्यकाकडेही नव्हते. आहार, ऋतू, मातेचे पोषण, गर्भाशयाची उष्णता अशी नाना कारणे युरोपात सांगितली जात. ते उत्तर पुढे त्याच शहराच्या परिसरात सापडावे, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

१८९१ साली जर्मनीत हेर्मान हेंकिंग यांना एका कीटकाच्या शुक्रपेशी बनताना अर्ध्याच पेशींत जाणारा एक गूढ घटक आढळला. त्याचे स्वरूप न उमगल्याने त्यांनी त्यास 'एक्स' असे अज्ञातदर्शक अक्षर दिले. मराठीत 'एक्स-रे' याचे जसे 'क्ष-किरण' झाले, तसे याचे 'क्ष-गुणसूत्र' झाले. अक्षराचा संबंध आकृतीशी नसून अज्ञानाशी होता, हे आज बहुधा विसरले जाते. १९०५ साली फिलाडेल्फियाच्या उपनगरातील ब्रिन मॉर महाविद्यालयात नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातील भुंग्याच्या पेशी तपासल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत एकोणीस मोठी व एक लहान. लहान गुणसूत्र असलेल्या शुक्रपेशीपासून नर व मोठे असलेल्या शुक्रपेशीपासून मादी उत्पन्न होत असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनी स्वतंत्रपणे तत्सम निरीक्षणे प्रसिद्ध केली. लिंगाचा निर्णय बाह्य परिस्थितीवर नव्हे, तर फलनाच्या क्षणी पेशीत काय आले यावर अवलंबून असतो, हा विचार येथून दृढ झाला.

मानवापर्यंत हा विचार पोहोचण्यास वेळ लागला. १९२३ साली थिओफिलस पेंटर यांनी मानवात क्ष व य ही दोन्ही गुणसूत्रे असल्याचे दाखविले. मात्र एकूण संख्या त्यांनी अठ्ठेचाळीस धरली व ती तीन दशके सर्वत्र प्रमाण मानली गेली. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे जो हिन ट्यिओ व आल्बर्ट लेव्हान यांनी ती सेहेचाळीस असल्याचे सिद्ध केले. अधिकारी व्यक्तीने मोजलेला आकडा पुढील अभ्यासकांस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटावा, याचे हे बोलके उदाहरण आहे.

संख्या निश्चित होताच तीन वर्षांत खरा निर्णय लागला. फळमाशीत लिंग ठरते ते क्ष-गुणसूत्रांच्या प्रमाणावरून, य-गुणसूत्राचा त्यात भाग नसतो; मानवातही तसेच असावे, असा समज होता. १९५९ साली दोन क्ष व एक य असलेल्या व्यक्ती पुरुषदेही असतात आणि केवळ एक क्ष असलेल्या व्यक्ती स्त्रीदेही असतात, असे ब्रिटनमधील संशोधकांनी दाखविले. क्ष किती, हा प्रश्न गौण ठरला. य आहे की नाही, हा प्रश्न मुख्य ठरला. मातेच्या प्रत्येक बीजात क्ष-गुणसूत्रच असते. य येऊ शकते ते केवळ पित्याकडून. मनुस्मृतीतील विसंगतीचे उत्तर यात होते : अपत्याच्या लिंगाचा भेद जर कोणाच्या बीजात असेल, तर तो पित्याच्या बीजात आहे. तथापि पित्यासही त्यात निवड नसते. तो निव्वळ योग असतो. दोष मातेवरून काढून पित्यावर ठेवणे हे शास्त्राचे तात्पर्य नव्हे. तात्पर्य इतकेच, की येथे दोष नावाची वस्तूच नाही.

५. एका ग्रंथीच्या दोन वाटा

निर्धारण फलनाच्या क्षणी होते; विभेदन त्यानंतर कित्येक आठवड्यांनी सुरू होते. मानवी गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमारास मूत्रपिंडाच्या आद्य रूपालगत एक उंचवटा तयार होतो. बीजपेशी अन्यत्र, पीतक कोशाच्या भित्तीपाशी उगम पावून तेथपर्यंत स्थलांतर करतात. ही आद्य जननग्रंथी क्ष-क्ष व क्ष-य अशा दोन्ही गर्भांत सारखीच दिसते आणि तिच्यात दोन्ही वाटांची क्षमता असते. शेजारी दोन नलिकांच्या जोड्या असतात. वोल्फ नलिकांपासून शुक्रवाहिनी इत्यादी पुरुषाच्या, तर म्यूलर नलिकांपासून गर्भाशय व गर्भनलिका या स्त्रीच्या अंतरिंद्रियांची घडण होते. या अवस्थेतील प्रत्येक मानवी गर्भाजवळ दोन्ही जोड्या असतात. मराठीतील 'मूल' या शब्दाप्रमाणेच येथे लिंग नाकारलेले नसते, फक्त सांगितलेले नसते.

परिभाषेतही या एकत्वाचा एक ठसा उमटला आहे. संस्कृतात व हिंदीत 'अंडकोश' हा शब्द पुरुषाच्या वृषणकोशास लावतात. मराठी वैद्यकीय लेखनात 'अंडकोश' म्हणजे स्त्रीची बीजग्रंथी. तिलाच 'अंडाशय' वा 'बीजांडकोश' असेही म्हणतात. दोन शेजारी भाषांत एकाच शब्दाने दोन भिन्न ग्रंथी दर्शविल्या जाव्यात, यामुळे अनुवादकाची फजिती होते खरी. पण मुळात ती एकच ग्रंथी होती, याचे स्मरणही त्यामुळे राहते.

ही वाट कशी फुटते, याचा पहिला निर्णायक प्रयोग फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेद जोस्त यांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. सशाच्या गर्भाची जननग्रंथी मातेच्या उदरातच काढून टाकली असता, गर्भ क्ष-क्ष असो वा क्ष-य, त्याची पुढील घडण मादीची होई. वृषणग्रंथी दोन प्रकारचे संदेश देते, असे यावरून निष्पन्न झाले. त्यांपैकी एक, टेस्टोस्टेरॉन, वोल्फ नलिका टिकवितो. दुसरा म्यूलर नलिकांचा लोप घडवितो. हा दुसरा संदेश वृषणातील सेर्टोली पेशींतून आणि टेस्टोस्टेरॉन लायडिग पेशींतून येतो, हे नंतर स्पष्ट झाले.

वृषण बनविणारा मूळ घटक य-गुणसूत्रावर कोठे असतो, याचा शोध पुढे तीस वर्षे चालला. १९८७ साली पुढे आलेला एक उमेदवार चुकीचा ठरला. १९९० साली लंडनमधील पीटर गुडफेलो व रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी, अँड्र्यू सिंक्लेअर प्रभृतींच्या प्रयत्नाने, य-गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकालगतचा 'एसआरवाय' हा जनुक प्रसिद्ध केला. त्यापासून बनणारे प्रथिन केवळ २०४ अमिनो आम्लांचे आहे. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, हा जनुक क्ष-क्ष उंदराच्या गर्भात घातला असता त्याची वाढ नर म्हणून झाली. मानवी गर्भात सहाव्या आठवड्याच्या अखेरीस हा जनुक अल्पकाळ कार्य करतो आणि 'सॉक्स-९' नावाच्या दुसऱ्या जनुकास जागवितो. तो दुसरा जनुक य-गुणसूत्रावर नसून सतराव्या गुणसूत्रावर, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांच्याही ठायी असतो. सेर्टोली पेशी घडविण्याचे पुढील काम त्याचे. पुरुषत्वाची सारी सामग्री स्त्रीच्या पेशीतही असते. य-गुणसूत्र आणते ती केवळ कळ.

येथवरच्या संशोधनाने एक नवा गैरसमज मात्र रुजविला. वृषण बनण्यास जनुक लागतो आणि जोस्त यांच्या प्रयोगात काहीच न घडता मादी बनते. त्यावरून स्त्रीत्व ही निष्क्रिय, आपोआप उरणारी स्थिती आहे, असे पाठ्यपुस्तकांतून लिहिले जाऊ लागले. वस्तुतः जोस्त यांनी काढून टाकलेल्या ग्रंथीत अंडाशयही होते. त्यांचा प्रयोग नलिकांविषयी बोलत होता, अंडाशय कसे बनते याविषयी नव्हे. हे अंतर ध्यानात यावयास दीर्घ काळ जावा लागला. २००६ साली 'आरस्पाँडिन-१' या जनुकात बिघाड असलेल्या क्ष-क्ष व्यक्तींचा देह, एसआरवाय मुळीच नसतानाही, पुरुषाचा घडतो, असे आढळले. म्हणजे अंडाशयाच्या वाटेवर चालण्यासही सक्रिय जनुक लागतात आणि ते वृषणाची वाट रोखून धरतात. २००९ साली प्रौढ मादी उंदराच्या अंडाशयातील 'फॉक्सएल-२' हा जनुक बंद केला असता तेथील पेशी सेर्टोलीसदृश होऊ लागल्या. २०११ साली प्रौढ नराच्या वृषणातील 'डीएमआरटी-१' काढला असता याच्या उलट घडले. ग्रंथीचा निर्णय गर्भावस्थेत एकदाच होऊन संपत नाही; तो आयुष्यभर राखावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी राखावा लागतो.

वारे हा आरे या नावाचा पडसाद नव्हे, हे शास्त्राला कळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

६. वाळूची उष्णता

एम्पेडोक्लीझ या ग्रीक तत्त्वज्ञाने गर्भाशयाच्या उष्णतेवर अपत्याचे लिंग अवलंबून असते असे मानले होते, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. मानवाच्या बाबतीत हे मत पूर्णतः चूक आहे. परंतु चुकीची उपपत्ती दुसऱ्या प्राण्याच्या बाबतीत खरी ठरावी, असा चमत्कार शास्त्राच्या इतिहासात घडला. १९६६ साली मादलेन शार्निए यांनी आफ्रिकेतील एका सरड्याच्या अंड्यांत पिलांचे लिंग तापमानावर ठरत असल्याचे प्रथम दाखविले. पुढे अनेक कासवांत व सुसरींतही तेच आढळले.

या दृष्टीने रत्नागिरीचा किनारा लक्षणीय आहे. जिल्ह्यातील मालगुंड, गुहागर, वेळास आदी ठिकाणच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांचे संरक्षण आरंभिले. या कासवास लिंगाची वेगळी गुणसूत्रे नसतात. अंड्यांच्या उबवणीच्या मधल्या कालखंडात वाळूचे तापमान सुमारे २९ ते ३० अंश सेल्सियसच्या वर राहिल्यास माद्या अधिक, खाली राहिल्यास नर अधिक निपजतात. चोरांपासून व कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचविण्यासाठी अंडी हलवून कुंपणात पुरताना ती कोणत्या सावलीत, किती खोल पुरली, यावरही पिलांचे लिंग अवलंबून राहू शकते. वाळू तापत गेली, तर नरांची संख्या घटण्याचे भय आहे.

एकाच किनाऱ्यावर लिंगनिर्धारणाच्या दोन सर्वस्वी भिन्न रीती नांदतात. पुळणीत उष्णता निर्णय करते, गावात य-गुणसूत्राचा योग. तथापि 'सॉक्स-९' व 'डीएमआरटी-१' यांसारखे खालच्या पायरीचे जनुक कासवातही आहेत आणि माणसातही. आज्ञा देणारा बदलला, कारागीर तेच राहिले.

७. निदान आणि निवड

येथून पुढचा इतिहास निसर्गाचा नसून माणसाचा आहे. गर्भजलातील पेशींवरून गर्भाचे लिंग ओळखता येते, हे १९५०–६० या दशकात ज्ञात झाले. आनुवंशिक व्याधी ओळखण्यासाठी आलेली ही चाचणी भारतात लवकरच कन्यागर्भ शोधण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईत स्त्री-संघटना, वैद्य व शास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन तिच्याविरुद्ध मोहीम चालविली. तिचे फळ म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली प्रसवपूर्व निदानतंत्रांच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत होऊन १९९६ पासून अमलात आला. त्याची अंमलबजावणी होत नाही, म्हणून मुंबईची सेहत व पुण्याची मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच्या नावात 'लिंगनिवडीस प्रतिबंध' हे शब्द आले. निदान व निवड यांतील भेद अशा रीतीने कायद्याच्या शीर्षकात नोंदला गेला. १९९७ साली मातेच्या रक्तातच गर्भाचे य-गुणसूत्रीय अंश सापडतात, असे डेनिस लो यांनी दाखविले. तेव्हापासून निदान अधिकाधिक सोपे होत आहे, आणि प्रतिबंधाची गरज त्या प्रमाणात वाढत आहे.

रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे येथे सावधपणे वाचावे लागतात. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ११२२. यावरून येथे स्त्रीला विशेष मान आहे, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. हा आकडा मुख्यतः चाकरमान्यांचा आहे. कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गिरणीत, गोदीत, कचेरीत कामास गेला आणि शेत, घर व म्हातारी माणसे स्त्रीच्या अंगावर पडली. गणनेच्या दिवशी जो गावात नव्हता, तो गावच्या आकड्यात नव्हता. शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा आकडा स्थलांतराने असा फारसा ढळत नाही. तो याच जिल्ह्यात २००१ साली ९५२ व २०११ साली ९३६ होता. संबंध महाराष्ट्रात तो १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ असा घसरत गेला. जन्मतः मुलांची संख्या निसर्गतःच किंचित अधिक, सुमारे शंभर मुलींमागे एकशे पाच मुलगे अशी असते. म्हणजे हजारामागे साडेनऊशेच्या आसपास मुली अपेक्षित धराव्यात. राज्याची घसरण त्या मर्यादेच्या कितीतरी खाली गेली आहे. रत्नागिरीची घसरण लहान असली तरी दिशा तीच आहे. एकाच जिल्ह्यास लागू होणारे हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात : एक कोण परगावी गेले ते सांगतो, दुसरा कोण जन्मासच आले नाही ते.

भाषेने याचीही नोंद ठेवली आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' वा तत्सम नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. 'नको' या नकारवाचक शब्दास '-सा' प्रत्यय लागून बनलेल्या विशेषणाचे हे स्त्रीलिंगी रूप. व्याकरणदृष्ट्या 'नकोसा' हे पुल्लिंगी रूपही तितकेच सिद्ध आहे. मुलाचे नाव म्हणून ते योजण्याची वेळ मात्र समाजावर आली नाही.

८. उपसंहार

चरकाच्या उपपत्तीत नपुंसक हा दोन बीजांच्या समतोलाचा परिणाम होता. आज असे दिसते की निर्धारणापासून विभेदनापर्यंतच्या वाटेवर अनेक वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर निराळी घडण संभवते. क्ष-य गुणसूत्रे व वृषण असूनही पेशी टेस्टोस्टेरॉनचा संदेश स्वीकारीत नसतील, तर देह स्त्रीचा घडतो. पित्याच्या शुक्रपेशी बनताना एसआरवायचा तुकडा क्ष-गुणसूत्रावर गेला, तर क्ष-क्ष व्यक्ती पुरुषदेही होते. गुणसूत्र, ग्रंथी, नलिका, बाह्य रूप आणि समाजातील स्थान हे पाच निरनिराळे थर असून बहुतेक माणसांत ते जुळतात, काहींत जुळत नाहीत. 'तृतीयपंथी' हा शब्द यांतील अखेरच्या थराचा, म्हणजे सामाजिक आहे. तो शरीररचनेचा वाचक मानल्यास दोहोंवर अन्याय होतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगास मान्यता दिली, त्या वेळी न्यायालयाने भर दिला तो व्यक्तीच्या स्वतःच्या ओळखीवर, वैद्यकीय चाचणीवर नव्हे.

याउलट २०२५ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने स्त्रीगटातील स्पर्धकांसाठी एसआरवाय जनुकाची चाचणी आवश्यक केली, तेव्हा त्या जनुकाचे एक शोधक अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच त्यास जाहीर आक्षेप घेतला. जनुक आहे, एवढ्याने तो कार्य करतो की नाही, वृषण बनले की नाही, संदेश पोहोचला की नाही, हे कळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. निर्धारणातील एका पायरीचे निदान म्हणजे व्यक्तीच्या लिंगाचा निवाडा नव्हे.

प्रस्तुत विवेचनाचे सार थोडक्यात असे : निर्धारण हा योग आहे, त्यात कोणाचा गुण वा दोष नाही. विभेदन ही दोन समान वाटांची घडण आहे, त्यात कोणी मूळ व कोणी पडसाद नाही. निदान हे ज्ञान आहे, त्याचा उपयोग माणसाच्या हाती आहे. निवड ही मात्र पूर्णतः माणसाची कृती आहे, आणि तिची जबाबदारी निसर्गावर टाकता येत नाही. हे चार शब्द मराठीने वेगळे राखले, तर 'मुलगी झाली' या वाक्याचा कर्ता कोण, हा जुना प्रश्न निदान व्याकरणापुरता तरी सुटेल. त्या वाक्यात मातेस कर्तेपण नाही, पित्यासही नाही. कर्ता 'मुलगी' हाच शब्द आहे.